सेकंदाचा पंधरावा भाग

रात्रीचे अकरा. उजेड ताकाच्या निवळीसारखा.
फळकुटांच्या खोपीत ताइस्तो कुजबुजतो,
"शटर आणखी खाली आण."
अस्वलाचं नाव इथे कुणी घेत नाही;
मधपंज्या म्हणतात, किंवा नुसतं 'तो'.
पलीकडे रशिया. आवाज फक्त डासांचा.

दलदलीच्या कापूसगवतातून
काळोखाचा एक तुकडा सुटून चालू लागला.
सेकंदाचा पंधरावा भाग:
एवढ्यात तो हलला, की माझा श्वास, कोण जाणे.

पडद्यावर नुसते दाणे, भरड दळल्यासारखे,
आणि एका जागी ओलसर चमक.
"पुसू?" मी विचारलं.

ताइस्तोनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं.
"बापानं माझ्या याच वाटेवर एक मारला होता.
त्याचा फोटो अगदी स्पष्ट आहे."