चतुःसीमा

ऐंशी खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं एकोणचाळीस.
त्यात सात परीक्षक, त्यांच्यापैकी चौघांच्या बायका,
शिंगांची टोपी घालून आलेला एक पोरगा,
आणि मी, वाल्ट्राउट, मोजणी खात्यातली,
लोथार क्रॉयझिगच्या समोरच्या टेबलावर
एकतीस वर्षं बसलेली.

हीटर खडखडत होता. अध्यक्ष वाचत होते:
जर्मन भाषेतल्या अद्भुत साहित्याला
दिलेल्या योगदानाबद्दलचा सन्मान
यंदा लेखकाला नाही,
कादंबऱ्यांचे नकाशे काढणाऱ्याला.
ज्यांनी नसलेल्या प्रदेशांना
इतका चोख भूगोल दिला...

लोथार स्वतःच्या बुटांकडे बघत होता.
बुटांना चिखल. आजच्या दिवशीसुद्धा.

दिवसा आम्ही शेतं मोजायचो.
साखळी, खुंट्या, बांधावरून भांडणारे भाऊ.
रात्री हा दिव्याखाली बसून
ड्रॅगनच्या नावे सातबारा लिहितो,
असं मी म्हणायचे. तो हसायचा नाही.
"ड्रॅगनलाही शीव लागते," म्हणायचा,
"नाहीतर तो येणार कुठून आणि जाळणार काय?"

एका जाडजूड कादंबरीच्या दुसऱ्या खंडात,
पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला,
माझ्या नावाची दलदल आहे.
सहा महिने मी त्याच्याशी बोलले नव्हते.

एक गोष्ट त्या मानपत्रात नव्हती.
ब्याऐंशीपासून एकोणनव्वदपर्यंत
आम्ही दोघांनी गावं खोडली.
खाली तपकिरी कोळसा होता, वर मोर्कविट्झ.
खाली कोळसा, वर आल्ट-लुगेन.
हुकूम आला की तो रबर उचलायचा,
मी नोंदवहीत लिहायचे: गावठाण, निरंक.
रबर त्याचं, लाल शाई माझी.
मग बादल्यांचं ते अजस्र चाक यायचं
आणि चर्चच्या पायापासून लिंडेनच्या मुळांपर्यंत
सगळं खरवडून न्यायचं.
संध्याकाळी हात धुताना
आम्ही एकमेकांकडे बघत नसू.

टाळ्या झाल्या. बक्षीस म्हणून दिला
तीन पायांचा एक लाकडी पक्षी
आणि बॉयलर बदलता येईल एवढी रक्कम.

मागच्या भिंतीवर त्याचा नकाशा टांगला होता,
दोन माणसांच्या उंचीचा.
वर बर्फाचे सुळके, खाली काळा समुद्र,
मधे खवल्यांचं खोरं.
त्या खोऱ्यापाशी फ्राउ हानुश उभी होती,
चष्मा कपाळावर, नाक कागदाला टेकलेलं.
टाळ्या तिला ऐकूच गेल्या नव्हत्या.

"ही आमची गल्ली," ती म्हणाली.
कोणाला उद्देशून नाही.
"पूर्वेस पाणंद. पश्चिमेस बदकांचं तळं.
उत्तरेस कुंभार श्टेफ्कोचं घर, हे बघा, वाकलेलं.
दक्षिणेस..."
आणि तिनं बोट काढून घेतलं.
दक्षिणेला दफनभूमी होती,
हे मला ठाऊक होतं.
ती नोंद मीच केली होती.

अध्यक्षांनी माइक पुढे केला,
विजेत्यानं दोन शब्द बोलावेत.
लोथार माइकजवळून तसाच पुढे गेला,
भिंतीपर्यंत.

"विहीर बरोबर आहे का?" त्यानं विचारलं.

फ्राउ हानुशनं बराच वेळ पाहिलं.
"दोन पावलं डावीकडे हवी.
आई घागर घेऊन वळायची ना,
तेव्हा तिची सावली आमच्या उंबऱ्यावर यायची.
इथून ती येणार नाही."

तो खिसे चाचपू लागला.
"धर जरा," म्हणत त्यानं पक्षी माझ्याकडे दिला,
मोजणीची तिपाई द्यायचा तसाच,
मागे न बघता.
अन् पेन्सिल काढली.

अध्यक्ष घड्याळ बघत होते.
बाहेर कॉफी निवत होती.
शिंगांच्या टोपीवाला पोरगा
मोबाइलचा उजेड धरून उभा राहिला,
आणि लोथार क्रॉयझिग, वय चौऱ्याहत्तर,
जुनी विहीर खोडायच्या आधी
नवी काढत होता.