आठव्या दिवसाची नोंद

डब्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही.
मुनव्वरच्या भंगारातून आणला तेव्हा
त्यात कुण्या पतसंस्थेचे हिशेब होते.
ते पुसले, गाणी भरली.
आता तो टीव्हीखाली बसतो
आणि गाण्याशिवाय दुसरं काही करत नाही.
रत्नमाला म्हणते, तुमच्यापेक्षा शहाणा.

सात वर्षं त्याला हात लावला नाही.
चालतंय ना, मग कशाला उचकायचं;
मिलमध्येही आम्ही हेच म्हणतो
मोटारीकडे पाठ करून.

पण जुनी सिस्टीम आता कुणी सांभाळणार नाही म्हणे.
सुट्टी बघून माळ्यावरचा मॉनिटर उतरवला,
आणि आधी सगळ्याची नक्कल लावली:
अकरा हजार गाणी,
दोन तास चाळीस मिनिटं.

बसल्या बसल्या माणूस काय करणार.
डब्याची वही उघडली,
काय वाजलं, कधी वाजलं.
बहुतेक माझीच हजेरी,
सकाळी साडेआठ, नाइट करून आल्यावर.
मधेच एक ओळ:
अनोळखी कलाकार. अनोळखी अल्बम. ट्रॅक सात.
रात्री दोन चाळीस.
खाली परत तेच. तीन दहा.
मी मिलमध्ये, पोरगं पुण्याला.
व्हायरस असंल, म्हणलं.

मग तारखा बोटांवर घेतल्या.
सहा. चौदा. तीस.
बावीस गाळलेली.
बावीसला मी घरी होतो.

आठव्या दिवशी आमच्या गल्लीत काय येतं
हे जालन्यात कुणाला सांगावं लागत नाही.
मोटार लावायची, पाइप धरायचा,
टाकी, दोन ड्रम, घागरी, शेवटी पातेली सुद्धा.
तेवढा वेळ ती जागी.

हेडफोन लावला.
पंख्याची घरघर. पेटी. दहा-बारा पोरी,
सेलूच्या कुठल्याशा क्लासातल्या.
तिच्या माहेरच्या पिशवीतल्या कॅसेटी
मीच भरल्या होत्या कधी, न ऐकता.
सगळ्या थांबतात, एक आवाज
थांबायचं विसरून वर जातो,
आणि मास्तर म्हणतात,
"रत्ने, परत. तेवढंच परत."

एकोणीस वर्षांत
आरतीलाही मी तिची फक्त टाळी ऐकली.

नक्कल झाली. अपग्रेड लावलं.
एकसष्ट टक्क्यांवर लाइट गेली.
इन्व्हर्टरनं एक उचकी दिली, धरलं.
आतून आवाज आला: "बंद पडलं का?"
नाही.
"माझं..." भाकरी थापायची थांबली.
"तुमचं सगळं राहील ना त्यात?"
राहील, म्हणलं.

डबा उठला, पण मराठी नावांचे सगळे चौकोन.
फॉन्ट टाकले, नावं परत आली,
ज्यांना होती त्यांना.
ट्रॅक सातवर येऊन थांबलो.
कलाकाराच्या रकान्यात तिचं नाव टाइप केलं,
माहेरच्या आडनावासकट.
छान दिसायलं होतं.
एकेक अक्षर खोडलं.
ते तिनं मोकळं ठेवलंय, मी कोण भरणार.

नव्या सिस्टीमनं शेवटी विचारलं,
काय वाजलं याची नोंद ठेवायची का?
नाही.
खात्री आहे?
हो.

मंगळवारी पाणी आहे.
माझी जनरल होती,
बदलून नाइट घेतली.