नावाच्या जागी आकडा

बेदाण्याच्या शेडवरून थेट आली होती,
बोटांना गंधकाचा वास.
उमदीकडची, पहाटेच्या एसटीनं मिरजेला.
पिशवीत भाकरी. उपाशी यायचं असतं
हे नशिबानं तिला कंडक्टर बाईनं सांगितलेलं.

मी रजिस्टर उघडलं. नावाच्या जागी
आकडा घातला : एकशे बेचाळीस.
तिला वाटलं मी विसरले.
"नाव लिवत न्हाई?"
नाही, म्हटलं, कायदाच तसा आहे.
ती पहिल्यांदा खुर्चीत नीट बसली.

आठवडे?
सातव्यात मेडिकलवाल्यानं हात झटकले :
त्या गोळ्या ठेवत नाही बाई, तपासणीवाले येतात.
नवव्यात गावच्या डॉक्टरनं विचारलं, मालक कुठंयत?
मालक ट्रक घेऊन हुबळीला.
अकराव्यात नणंदेला कळलं.
तेरावा निम्मा पैसे जमण्यात गेला.
कायद्यात आठवडे मोजलेत,
एसटीच्या खेपा कुणी मोजल्या नाहीत.

कारण?
थोरला सातवीत, धाकटीच्या काळजाला भोक,
शेडवर चारपासून उभं राहायचं,
शिवाय, ती म्हणाली आणि थांबली.
रकाना अर्ध्या इंचाचा.
मी लिहिलं : साधन निकामी.

समोर भिंतीवर फलक,
गर्भलिंग निदान गुन्हा आहे, खाली हातकड्यांचं चित्र.
ती मघापासून तेच बघत होती.
"मला धरतील का ओ?"
तो कायदा वेगळा, हा वेगळा, मी सांगत राहिले.
पण भिंत एकच आहे,
आणि हातकड्या रंगीत छापल्यात.

मग वॉर्डातून गुरव सिस्टर : नवऱ्याची सही?
मी फॉर्म पुढं केला. बाई सज्ञान असेल तर तिचीच पुरे.
"कागदावर असतंय ते मुल्लाणी मॅडम.
तो पिऊन येतो, काच फोडतो,
तेव्हा तुमचा कागद मधे पडतो का?"
गेल्या वर्षीचे टाके अजून दिसतात
सिस्टरच्या कोपरावर. मी गप्प.

एकशे बेचाळीसनं पेन मागून घेतलं.
सावकाश, शाळेतल्यासारखी, सही केली :
आधी तिचं नाव,
मधे त्याचं,
मग आडनाव.
घ्या सिस्टर, मी म्हटलं,
मालकपण आले.
सिस्टर हसल्या. हसल्या म्हणून झालं.

चारनंतर तिनं भाकरी खाल्ली.
साडेपाचच्या गाडीआधी टेबलावर
एक पुडी ठेवून गेली,
निवडलेले, एका मापाचे.

रात्री माल्टाहून एस्तेरचा फोन.
तिच्या वॉर्डातली एक पोरगी, म्हणाली,
शनिवारी विमानानं दुसऱ्या देशात गेली,
सोमवारी ड्युटीवर हजर, तोंड पांढरं,
आणि कुणी काही विचारायचं नाही.
तुमच्याकडं बरं बाई, कायदा तरी आहे.

आहे, म्हटलं.
मीच रेघा मारते रोज त्याच्या.
आणि एक बेदाणा तोंडात टाकला.
गोड होता.
गंधकाची चव नंतर आली.