बोअर नंबर सात

चौथ्या बोअरला पहिला फूटभर काळी माती.
इथली नव्हे, विकतची. कागलकडच्या कुणाच्या तरी रानातली,
अजून तिच्यात उसाची बुडखी,
एक गांडूळ, अर्धं तुटलेलं.
शिंत्रे साहेब म्हणाले, बघा, इथं लॉन कसं येईल.
मी लिहिलं : शून्य ते शून्य पूर्णांक तीन मीटर, भराव.

मग पाईप खाली गेला
तशी वर्षं उलटी वर यायला लागली.
दोन मीटरला पुराचा थर :
गादीचा कापूस, गाळ, लग्नाचा अल्बम,
त्यातले चेहरे पंचगंगेनं आधीच पुसलेले.
जोतिराम म्हणाला, एकोणीसचा.
मी म्हणालो, पाचचापण असेल खाली.
होता.

त्याच्याखाली फाउंड्रीची जळकी वाळू,
शिरोलीची का उद्यमनगरची, वाळू सांगत नाही.
एक चप्पल. कातडं कुजतं म्हणतात,
हे कुजलं नव्हतं, अंगठ्याचा ठसा तसाच.
सहा मीटरला पाणी लागलं.
पाणी कसलं, मळीसारखं काहीतरी काळं, चिकट,
वास असा, की इस्माईलनं मशीन बंद केलं
आणि नुसतं नदीच्या बाजूला बघत राहिला.
इथनं नदी दिसत नाही.
उतार दिसतो.

गेल्या साली लावलेले करंज
कमरेएवढे झाले आणि एका आठवड्यात वाळले.
एक उपटून बघितला.
मूळ दीड वीत सरळ गेलेलं,
मग आडवं वळलेलं,
दारात कुणाचं भांडण ऐकून माघारी फिरावं तसं.

रोपांना पाणी घालायला ठेकेदारानं रत्नव्वा ठेवलीय.
आधी वीस वर्षं ती इथंच प्लास्टिक वेचायची.
सहा बोअर होईपर्यंत गप्प होती, मग म्हणाली,
"चुकीच्या जागी भोकं पाडालायसा की रं.
थंडीची कुत्री कुठं निजत्यात, बघा जावा."

विजेच्या खांबापलीकडं, नकाशात काही नाही तिथं,
सहा कुत्री, नाकं शेपटीत.
भोवती गवतावर दव. त्यांच्याखाली कोरडं.
मी हात टेकला. जमीन ऊबदार,
फडक्यात गुंडाळलेल्या भाकरीसारखी.

कुत्री नाखुशीनं उठली.
चार फुटांवरच गॅसचा मीटर किंचाळला,
इस्माईलनं बिडी कानामागं परत खोचली.

"माझी दोन्ही पोरं हितंच निजायची," रत्नव्वा म्हणाली,
"पांघरूण लागायचं न्हाई."
कुठं असतात आता, मी विचारलं.
"एक उचगावात रिक्षा मारतोय.
एक खोकतोय."
आणि पाईप ओढत पुढच्या रोपाकडं गेली.

तक्त्यात रकाने आहेत : मीथेन, शिसं, क्रोमियम,
वर्षाला किती खचते.
चार बोटं खचते. खांब घ्यायचे तर
अठरा मीटर खाली, खडकापर्यंत,
नाहीतर वरचं सगळं हळूहळू
खालच्याच्यात जाऊन बसणार.
शेवटी शेऱ्याचा एक अरुंद रकाना.
तिथं मी लिहिलं : कुत्री झोपतात.
साहेब उद्या खोडतील, "तापमान जास्त" लिहितील.
बरोबरच आहे त्यांचं.

भोक बुजवलं, पाईप गाडीत चढवले.
शेवटचा पाईप चढेपर्यंत कुत्री आली परत,
ओल्या मातीचा वास घेतला,
आणि एकेक जण आपल्या जागेवर
तीनदा गोल फिरून
बसलं.