रिकामा चौकोन

मिरकरवाड्यात, सोलकरांच्या बर्फ कारखान्यात
माझं टेबल क्रशरला लागून आहे.
लादी फुटली की स्क्रीन थरथरतो,
आलेखाची रेघ क्षणभर
खरीच लाट होते.

पगारपत्रकावर मी अजून क्लार्क आहे,
बायोडाट्यात डेटा अॅनालिस्ट.
दोन्ही खोटं नाही:
सकाळी पावत्या फाडते,
दुपारी त्याच पावत्या मोजते.

पहिले तीन महिने तर नुसतं धुणं.
एकाच बोटीची सात नावं वहीत:
गजलक्ष्मी, गजलक्षुमी, ग. लक्ष्मी,
निळी लक्षमी, तांडेलाची निळी,
एकदा नुसतंच 'ती कालची',
आणि एका पावतीवर नाव नाहीच,
फक्त एक हत्ती काढलेला, सोंडेसकट.
सातही एका नावाखाली आणली तेव्हा कळलं,
आपल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला
आपण इतकी वर्षं
सात किरकोळ माणसं समजत होतो.

एसक्यूएल शिकले ती रात्री, मोबाईलवर,
कोळंबी सोलून आलेले हात लिंबाने घासून.
जॉइन पटकन कळलं:
इकडे पावती, तिकडे बोट,
मध्ये दोघांनाही ओळखणारा एक नंबर,
लग्न जमवणाऱ्या मामासारखा.

डॅशबोर्डवर चारच गोष्टी.
जास्त ठेवल्या की शेठ चष्मा काढून ठेवतात.
उद्या लागतील त्या लाद्या, काल वितळल्या त्या,
विजेचं बिल, उधारी.
उधारी मी लाल केली होती.
शेठ म्हणाले, 'लाल नको, लोक येतात हापिसात.'
आता ती फिकट जांभळी आहे
आणि तेवढीच आहे.

दसऱ्याच्या आठवड्यात अंदाज आला: साडेतीनशे लाद्या.
भांगाचं पाणी, मतलई वारा, बांगड्याला भाव,
सगळं सांगून झालं होतं त्याला.
हंगाम एकच होता शिकायला,
आणि त्यातला दसरा वादळात गेलेला.
खपल्या एकशेचाळीस.
बाकीच्यांचं पाणी दारातून रस्त्यावर,
रस्त्यावरून खाडीत.

बारा बोटींपुढे चौकोन रिकामे.
'शून्य टाक,' शेठ म्हणाले, 'रिकामं बरं दिसत नाही.'
मी म्हटलं, शून्य म्हणजे आपण विचारलं, ते नको म्हणाले.
रिकामं म्हणजे आपण विचारलंच नाही.
शेठ क्रशरकडे बघत राहिले.
क्रशर बंद होता.

मग जेटीवर गेले. विचारलं.
गजलक्ष्मीच्या नाळेवर बोटीचा भंडारी एकटाच
कांदा चिरत बसलेला.
'खलाशी गेले नेपाळला. दशैं नाय का त्यांचा.
म्हाताऱ्यांकडून टिळा लावून घेतील, मग येतील.'
'कधी?'
'तुझ्या मशीनला विचार,' म्हणाला,
आणि स्वतःच हसला, कांद्यामुळे रडत.

अमावस्या होती माझ्याकडे, पौर्णिमा होती,
डिझेलचा रोजचा दर होता.
नव्हता तो कैलालीचा रस्ता,
दोन गाड्या, एक बस आणि पुढे चालत,
ज्याच्या टोकाला कुणाची तरी आजी
तांदूळ भिजवून बसलेली.
एक रकाना वाढवला.
त्याला काय नाव द्यायचं
यात एक आख्खी दुपार गेली.

गुरुवारी पुण्याच्या कंपनीची मुलाखत, फोनवर.
दर्शना दत्ताराम भाटकर, होय, मीच.
किती मोठ्या डेटावर काम केलंय?
एकतीस हजार पावत्या, म्हटलं. अर्ध्या भिजलेल्या.
तिकडे कोणी हसलं नाही.
बरं, नल आणि शून्य यात फरक काय?

नेमका क्रशर सुरू झाला.
थांबा हं, म्हणत बाहेर आले,
तर गजलक्ष्मी धक्क्याला लागत होती.
पुढे चौघं, नव्या टोप्या,
एकाच्या भुवईत अजून तांदळाचा दाणा.
मला बघून त्याने दोन्ही पंजे उघडले,
मिटले, पुन्हा उघडले.
वीस.
पेन होतं, कागद नव्हता; हातावर लिहून घेतलं.
फोनमधून कुणीतरी
हॅलो, हॅलो म्हणत होतं.