हात लावतो हं

मिरज जंक्शन, फलाट तीन,
बाकाखाली सापडला.
मी लिहीत गेलो: अनोळखी पुरुष,
वय अंदाजे पंचावन्न,
उजव्या पायात चप्पल नाही.
नावाच्या रकान्यात रेघ.

शवागारात दस्तगीर मुल्ला
त्याच्या कानाशी वाकला.
"मालक, जरा हात लावतो हं."
आणि थांबला.
खरंच थांबला,
माणसाला हो म्हणायला लागतो
तेवढा वेळ.
मग एकेक बटण काढलं.
एक दोऱ्यावर लोंबत होतं,
ते तोडून त्याच्याच खिशात ठेवलं.

"कुठल्या नियमात बसतं हे?" मी हसून विचारलं.
तो चादर सारखी करत होता.
"नियम नंतरचा, साहेब.
असंच कायतरी बघून
लिहिला असंल कुणीतरी."

पंचनाम्यात हे कुठं घालायचं
मला कळलं नाही.

रात्री ठाण्यात एक पोरगं आणलं.
मोबाईलचोर म्हणे,
लोकांनी आधीच नाक फोडलेलं.
झडतीला माझा रोजचा हात
कॉलरकडं निघाला
आणि अधेच अडला.

"हात लावतो हं," मी म्हणालो.

पोरगं भिंतीला चिकटलं.
ह्या बोलण्यामागून काय येतं
ते त्याला ठाऊक नव्हतं.

मी थांबलो.
बराच वेळ लागला त्याला
हो म्हणायला.