किरकोळ

फॉर्म मांडीवर आहे. एकच रकाना उरलाय.
मेजर: इतिहास. ते केव्हाच ठरलं होतं.
मायनरपुढं नुसती रेघ,
आणि पाचला खिडकी बंद.

काल फोनवर आईनं विचारलं,
मायनर म्हणजे काय?
म्हटलं, दुय्यम विषय. म्हणजे... किरकोळ.
"किरकोळ कशाला घेतीस? ठोकच घे की."
निपाणीत पाऊण आयुष्य बिड्या वळलेल्या बाईला
किरकोळीत काय सुटतं ते ठाऊक आहे.

पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्टे, हजार.
ती मोजत नाही, तिच्या बोटांना कळतं.
शनिवारी चेकर ढिगातून दोन कट्टे उचलायचा,
अंगठ्यानं दाबायचा,
आणि त्या दोनांवरून
दोनशे छाट.
मी आठ वर्षांची, कारखान्याच्या दारात.
रडू नाही आलं. एवढंच वाटलं,
दोनच का? आणि हेच दोन का?

पुढं कधीतरी नेसरीकर मॅडमनी
फळ्यावर लिहिलं, नमुना निवड.
मला तासभर तो अंगठाच दिसत राहिला.

भैरू म्हणतो, राज्यशास्त्र घे, इतिहासाला शोभतं.
रेणव्वा म्हणते, टुरिझम, पेपर सोपा.
दहावीला गणितात बावन्न होते
हे दोघांनाही माहीत आहे.

पण आमच्याकडं आकड्यांनाही बाजू असते.
किती टक्के आपले, किती त्यांचे,
पत्रकात, मोर्च्यात, पानपट्टीवर,
एकाच शिरगणतीतून दोन बेरजा,
दोन्हींचा आवाज मोठा.
मला तो तक्ता बघायचाय, तळटीपांसकट:
कोण आलं होतं दारात, कुठल्या भाषेत विचारलं
"घरात काय बोलता?"
शेजारच्या गंगव्वाकाकूंनी काय सांगितलं असेल?
देवाशी त्या कन्नड बोलतात,
भाजीवालीशी मराठी,
नवऱ्याशी बोलतच नाहीत.

"इप्पत्तोंबत्तु!"
हुक्केरी सरांची हाक. वीस आणि नऊ.
माझ्या चिठ्ठीवर एकोणतीस,
तिसाला एक कमी.
कुणी जिना चढून येतं इथं, कुणी उतरून,
चिठ्ठी एकच.

खिडकीच्या कट्ट्यावर टेकून लिहिते: संख्याशास्त्र.
ख्य नीट येत नाही, पेन अडतं.
सर चष्मा कपाळावर सरकवून बघतात.
"पास होतीस काय?"
शक्यता आहे, सर.
ते हसत नाहीत. शिक्का मारतात,
शाई ओली राहिली म्हणून
फॉर्मवर हळूच फुंकर घालतात,
गरम चहावर घालावी तशी.

मागची तीस नंबरची मुलगी
माझ्या खांद्यावरून डोकावते.
"काय घेतलीस गं?"

किरकोळ, मी म्हणते,
आणि सुट्टे पैसे मोजत
निपाणीच्या गाडीकडं निघते.